जुन्या तात्त्विक शब्दाचा माग कसा काढावा : ‘प्रपंच’ या शब्दाच्या आधाराने

मराठवाड्यात तत्त्वज्ञानाचे शब्द पोथीत बांधून ठेवलेले नाहीत. हरिनाम सप्ताहाच्या मंडपात, विहारातल्या वंदनेनंतरच्या प्रवचनात, महानुभावांच्या आश्रमात आणि बाजाराच्या दिवशी पारावर बसलेल्या माणसांच्या बोलण्यात ते रोज येतात. माया, उपाधी, विवेक, परमार्थ, प्रपंच यांपैकी प्रत्येक शब्दाला दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे काही महत्त्वाचे टप्पे याच भागात घडले आहेत. महाविद्यालयातला विद्यार्थी, शाळेतला शिक्षक, कीर्तनाची तयारी करणारा तरुण किंवा केवळ भाषेची ओढ असणारा वाचक यांपैकी कोणालाही अशा शब्दाचा माग स्वतः काढता येतो. त्यासाठी संस्कृतचे पांडित्य लागत नाही. बरी ग्रंथशाळा, एक जाड वही आणि घाईने निष्कर्ष न काढण्याची तयारी एवढे पुरते. पुढे सांगितलेली पद्धत ‘प्रपंच’ या एकाच शब्दावर चालवून दाखवली आहे.

शब्दाची निवड आणि नोंदवही

पहिल्या प्रयत्नासाठी असा शब्द निवडावा, जो आज बोलण्यात आहे, जो किमान दोन वेगवेगळ्या दर्शनांनी, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांनी, वापरलेला आहे आणि ज्याच्या समोर नेहमी उभा राहणारा एखादा विरुद्ध शब्द आहे. प्रपंचाच्या समोर परमार्थ उभा असतो, त्यामुळे तो या कामाला उत्तम आहे.

वहीत दर पानावर एकच वाक्य उतरवावे. वाक्याखाली ग्रंथाचे नाव, अध्याय किंवा प्रकरण, आणि शक्य तेवढा काळ लिहावा. त्यानंतर दोन गोष्टींची नोंद न चुकता करावी, आणि माझ्या मते सगळ्या पद्धतीचा जीव या दोन नोंदींत आहे : त्या वाक्यात शब्दाबरोबर कोणते क्रियापद आले आहे, आणि तो शब्द कशाच्या विरोधात उभा केला आहे. अर्थ मात्र सर्वांत शेवटी, तोही पेन्सिलीने लिहावा. आपण अर्थ आधी ठरवतो आणि मग वाक्ये त्या अर्थात बसवत जातो, ही या कामातली सर्वांत मोठी अडचण आहे; क्रियापद आणि विरुद्ध पद आधी नोंदवले की मनातल्या अर्थाला आपोआप आवर बसतो.

प्रथम कानावर पडणारी वाक्ये

कोश उघडण्यापूर्वी आजूबाजूची भाषा ऐकावी. ‘पाऊस नाही, तर परपंच कसा चालायचा’, ‘लेकराबाळांचा परपंच ओढायचा म्हणजे सोपं काम नाही’, ‘पोराचा प्रपंच थाटून दिला’, ‘एवढ्याशा कामाला एवढा प्रपंच कशाला’ अशी वाक्ये कोणत्याही गावात सहज मिळतात. ती जशी ऐकली तशीच लिहावीत. ‘परपंच’ हा उच्चार सुधारून ‘प्रपंच’ करू नये, कारण जोडाक्षर फोडून घेण्याची बोलीची सवय हाही शब्दाच्या प्रवासाचा पुरावा आहे. ज्यांचे वाक्य घेतले, त्यांना ते कशासाठी हवे आहे हे आधी सांगावे.

या वाक्यांची मांडणी केली की दोन वेगळे अर्थ समोर येतात. चालणे, ओढणे, थाटणे या क्रियापदांबरोबरचा प्रपंच म्हणजे घरसंसार. ‘एवढा प्रपंच कशाला’ यातला प्रपंच मात्र घरसंसार नव्हे. तिथे नको तेवढा वाढवलेला खटाटोप असा अर्थ आहे. याच दुसऱ्या अर्थाचा सभ्य भाऊ जुन्या पत्रांत सापडतो. घरातल्या जुन्या पत्रांचे गाठोडे असेल तर ते सोडून पाहावे. ‘आपली गाठ पडली नाही म्हणून हा पत्रप्रपंच’ या धर्तीचे वाक्य त्यांत बहुधा भेटते, आणि पुस्तकांच्या प्रस्तावनांत ‘लेखनप्रपंच’ आजही दिसतो. पत्राला कोणी घरसंसार म्हणत नाही. इथे प्रपंच म्हणजे विस्ताराने मांडणे, आणि पुढे दिसेल की हा या शब्दाचा अगदी जुना अर्थ आहे. पोथ्यांच्या शोधात दूर जाण्याआधी असा जुना थर आपल्याच घरच्या पत्रात मिळू शकतो, म्हणून ही पायरी गाळू नये.

धातू आणि पाचाचा मोह

यानंतर व्युत्पत्ती पाहावी. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत प्रपंच हा शब्द ‘प्र’ हा उपसर्ग आणि विस्तार करून सांगणे या अर्थाचा ‘पञ्च्’ हा धातू यांपासून सिद्ध करतात. पसरणे, उलगडणे, तपशिलाने मांडणे हा त्याचा गाभा. म्हणूनच व्याकरणाच्या ग्रंथांत एखादी गोष्ट केवळ विस्तारासाठी सांगितली आहे, असे म्हणायचे असेल तर ‘प्रपञ्चार्थम्’ असे म्हणतात. अमरकोशात या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत, विस्तार आणि विपर्यास. त्यांतला दुसरा पुढे कामाला येईल.

इथे एक सावधगिरी हवी. प्रवचनांत पुष्कळदा सांगितले जाते की पंचमहाभूतांचा पसारा तो प्रपंच. हे सांगणे अर्थपूर्ण आहे आणि त्याला आधारही मोठा आहे. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर जी प्रसिद्ध ‘पासोडी’ लिहिली, तिचा विषयच पंचीकरण आहे, म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी आठवा भाग मिसळून जग कसे उभे राहते याचे विवरण. ज्या प्रदेशात हे विवेचन कापडावर लिहून जपले गेले, तिथे प्रपंचातले ‘पंच’ ऐकताच पाच भूते आठवणे स्वाभाविक आहे. तरीही व्याकरणाने हा शब्द पाच या संख्येवरून साधलेला नाही. त्यामुळे वहीत दोन स्वतंत्र पाने करावीत : एक धातूवरून आलेल्या व्युत्पत्तीचे आणि एक लोकांनी लावलेल्या व्युत्पत्तीचे. दुसरे पान खोटे म्हणून फाडून टाकू नये. शब्दाचा अर्थ पुढे कोणत्या दिशेने सरकला हे समजायला कधी कधी तेच जास्त उपयोगी पडते.

ग्रंथांतील वाक्ये काळाच्या क्रमाने

आता मुख्य काम. वाक्ये काळाच्या क्रमाने लावायची आणि प्रत्येक ठिकाणी क्रियापद व विरुद्ध पद तपासायचे.

पाली ग्रंथांपासून आरंभ करणे मराठवाड्यातल्या अभ्यासकाला सोयीचे आहे, कारण धम्मपद घरोघरी आहे आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पालीचे अध्यापनही होते. धम्मपदाच्या २५४व्या गाथेत लोक ‘पपञ्च’ात रमलेले आहेत आणि तथागत निष्प्रपंच आहेत, असे म्हटले आहे. या ‘पपञ्च’चा अर्थ घरसंसार असा लावण्याचा मोह होतो, आणि तो लावला तरी गाथा अडत नाही, म्हणूनच दुसरे वाक्य लागते. मज्झिम निकायातल्या अठराव्या, मधुपिण्डिक सुत्तात साखळी दिली आहे : स्पर्शामुळे वेदना, म्हणजे सुखदुःखाची जाणीव होते, जे वेदले त्याची संज्ञा, म्हणजे ओळख होते, जे जाणले त्याविषयी वितर्क चालतो, आणि ज्याविषयी वितर्क केला त्याचा माणूस ‘पपञ्चेति’, म्हणजे प्रपंच करतो. इथे क्रियापद मनाचे आहे. एका साध्या जाणिवेवरून मन पसरत जाते, तिच्याभोवती ‘मी’ आणि ‘माझे’ यांची गुंतागुंत उभी करते, त्या क्रियेला हे नाव आहे. अट्ठकथांनी, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांनी, पुढे तृष्णा, मान आणि दृष्टी असे तीन पपञ्च सांगितले, आणि बुद्धघोषांच्या मज्झिम निकायावरील अट्ठकथेचे नावच ‘पपञ्चसूदनी’ आहे. हे वाक्य वहीत आले की धम्मपदातल्या गाथेचा अर्थ घर सोडून मनाकडे वळतो.

उपनिषदांत क्रियापद बदलते. श्वेताश्वतर उपनिषदात (६.६) ज्याच्यापासून हा प्रपंच ‘परिवर्तते’, म्हणजे फिरत राहतो, असा परमेश्वराचा उल्लेख आहे. फिरणारा प्रपंच मनातला नाही. तो बाहेरचा, दिसणारा, पसरलेला विश्वविस्तार आहे. मांडूक्य उपनिषदाच्या सातव्या मंत्रात जागृती, स्वप्न आणि गाढ झोप यांपलीकडच्या चौथ्या अवस्थेचे वर्णन ‘प्रपञ्चोपशमं शान्तं शिवमद्वैतम्’ असे येते, आणि शून्यवादी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेच्या मंगलश्लोकातही ‘प्रपञ्चोपशमं शिवम्’ हेच शब्द आहेत. एकाच शब्दांची ही जोडी अद्वैताच्या आणि शून्यवादाच्या दोन्ही दारांशी सापडते, तेव्हा कोणी कोणाचे घेतले या वादात आरंभीच शिरू नये. विद्वानांचे त्यावर मतभेद आहेत. शब्दाच्या अभ्यासकाने एवढेच पाहावे की दोन्ही ठिकाणी प्रपंच ‘शमतो’, पण काय शमते ते वेगळे आहे. नागार्जुनाकडे प्रामुख्याने शब्दांचे आणि कल्पनांचे जाळे शांत होते. मांडूक्यातल्या मंत्राला पुढे वेदान्ताने जो अर्थ दिला, त्यात द्वैताने भरलेला सारा विश्वविस्तार मावळतो.

जुनी भाषांतरे ही अशा वेळी साक्षीदारासारखी असतात, कारण भाषांतरकाराला एकच बाजू निवडावी लागते. तिबेटी भाषांतरकारांनी नागार्जुनाच्या प्रपंचासाठी पसरणे या अर्थाचा शब्द घेतला. चिनी भाषेत कुमारजीवाच्या भाषांतरांतून जो शब्द रूढ झाला, त्याचा अर्थ खेळातले, पोकळ बोलणे असा होतो. एकाने धातू धरला, दुसऱ्याने दोष धरला.

त्यानंतर शंकराचार्यांच्या आधीच्या गौडपादांकडे यावे. मांडूक्य उपनिषदावरच्या त्यांच्या कारिकांतला (१.१७) श्लोक वहीत पूर्ण उतरवण्यासारखा आहे : ‘प्रपञ्चो यदि विद्येत निवर्तेत न संशयः । मायामात्रमिदं द्वैतमद्वैतं परमार्थतः ॥’ प्रपंच खरोखर असता तर तो नाहीसा झाला असता, यात शंका नाही. हे द्वैत केवळ माया आहे, परमार्थाने पाहिले तर अद्वैतच आहे. या एका श्लोकात प्रपंच आणि परमार्थ एकमेकांसमोर उभे आहेत. मात्र हा परमार्थ म्हणजे भजन, उपासना किंवा हरिपाठ नव्हे. ‘परमार्थतः’ म्हणजे अंतिम सत्याच्या दृष्टीने. कीर्तनात हा श्लोक सांगताना आजचा अर्थ त्यात घातला, तर गौडपाद संसारत्यागाचा उपदेश करीत आहेत असे वाटू लागते, आणि त्यांचा सारा युक्तिवाद हातातून निसटतो.

नाट्यशास्त्राच्या परंपरेतला वापरही एका ओळीत नोंदवून ठेवावा : ‘वीथी’ या रूपकप्रकाराच्या, म्हणजे नाटकाच्या एका प्रकाराच्या, अंगांपैकी एकाचे नाव प्रपंच असून, त्यात पात्रे एकमेकांची खोटी स्तुती करून हसू आणतात.

मराठी ग्रंथ : इथे पाय रोवून थांबावे

मराठीतला पहिला ठळक टप्पा महानुभावांचा आहे. चक्रधरस्वामींचा वावर पैठण आणि गोदाकाठी मोठा होता, आणि त्यांच्या वचनांवर उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानले आहेत. गौडपादांच्या पानाशेजारी हे पान ठेवून पाहावे. तिथे प्रपंच परमार्थाने नाहीच. इथे तो जड असला तरी परमेश्वराइतकाच वेगळा पदार्थ आहे, कार्यरूपाने अनित्य आणि कारणरूपाने नित्य. एकच शब्द, आणि तो आहे की नाही यावरच दोन दर्शनांचे उत्तर वेगळे. म्हणून ‘प्रपंच म्हणजे मिथ्या जग’ असे एकच समीकरण सगळ्या जुन्या मराठीवर लादणे म्हणजे महानुभाव वाङ्मयावर अन्याय करणे होय. या पंथाच्या पोथ्या पुष्कळदा सकळ या सांकेतिक लिपीत असल्याने आरंभी छापील संपादित प्रतींवर काम करावे.

ज्ञानेश्वरीतून (शके १२१२, म्हणजे १२९०) किंवा अंबाजोगाईशी नाव जोडलेल्या मुकुंदराजांच्या विवेकसिंधूतून वाक्य घेताना पाठाची चौकशी अवश्य करावी. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण तोवर तिच्यात पाठभेद आणि भर पडलेली होती. वि. का. राजवाडे यांनी बीडच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली. ज्या ओवीत आपला शब्द आहे ती दोन्ही परंपरांच्या प्रतींत ताडून पाहावी. एकीत शब्द आहे आणि दुसरीत नाही असे झाले, तर ते उदाहरण काळाच्या पुराव्यासाठी वापरू नये. शब्दाच्या अभ्यासाला पाठचिकित्सेची जोड हवी हे नाथांनी सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी पैठणला बसून दाखवून दिले आहे, आणि मराठवाड्यातल्या कोणत्याही अभ्यासकाने त्यांचा हा गुण भक्तीइतकाच आपला मानावा, असे मला मनापासून वाटते.

मग सतराव्या शतकात या. समर्थ रामदासांचा जन्म जालना जिल्ह्यातल्या जांब गावचा. दासबोधाच्या बाराव्या दशकाचा पहिला समास असा सुरू होतो : ‘आधीं प्रपंच करावा नेटका । मग घ्यावें परमार्थविवेका ।’ या वाक्याची नोंद वहीत कशी दिसावी ते पाहू. क्रियापद : करावा. विशेषण : नेटका. विरुद्ध पद : परमार्थ, पण इथे ते खरे तर विरुद्ध नाही, ‘आधी’ आणि ‘मग’ या शब्दांनी त्याला पुढची पायरी केले आहे. अर्थाचा आधार : प्रपंच सांडून परमार्थ केला तर खायला अन्न मिळत नाही, असे याच समासात लगेच पुढे म्हटले आहे. अन्नाचा उल्लेख आल्यावर शंका उरत नाही. हा प्रपंच म्हणजे घर, शेत, पोट आणि पोटामागची माणसे.

आता सगळी क्रियापदे एका खाली एक वाचावीत. पालीत मन प्रपंच करते आणि ते थांबवायचे असते. श्वेताश्वतरात तो फिरतो, मांडूक्यात आणि नागार्जुनाकडे शमतो, गौडपादांकडे असता तर निवर्तला असता, महानुभावांकडे तो आहेच. रामदासांकडे तो ‘करावा’ लागतो, तोही नेटका. जो शब्द शतकानुशतके शमवण्याच्या क्रियापदांबरोबर हिंडला, तो मराठीत कर्तव्याच्या क्रियापदाला येऊन मिळाला. याला अर्थाची घसरण म्हणणारे लोक भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. संतांचा श्रोता शेतकरी, कारागीर आणि घर चालवणारी बाई होती. जगाच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न त्या श्रोत्यापुढे मांडायचा, तर त्याला ज्या जगाने घेरले आहे, त्या चुलीच्या आणि बांधाच्या जगाचेच नाव घ्यावे लागते. तात्त्विक शब्द घरात आला तो असा.

हीच दिशा पक्की करण्यासाठी एक शेजारी शब्द तपासावा. ‘संसार’ म्हणजे मुळात जन्ममरणाच्या फेऱ्यातून वाहत राहणे. मराठीत त्याचाही अर्थ घर, नवराबायको आणि भांडीकुंडी असा झाला. दोन शब्द एकाच वाटेने गेले, तेव्हा तो योगायोग नव्हे, असे म्हणायला बळ मिळते.

शेजारच्या भाषा

या बाबतीत मराठवाड्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर-उमरग्याकडे कन्नड कानावर पडते. तेलुगूत ‘प्रपंचम्’ आणि कन्नडमध्ये ‘प्रपंच’ म्हणजे आजही जग. महायुद्धालासुद्धा तेलुगूत प्रपंच युद्ध म्हणतात. उपनिषदांतला विश्वविस्तार हा अर्थ तिथे व्यवहारात जिवंत राहिला. उलट हिंदीत आणि गुजरातीत प्रपंच म्हणजे कपट, बनाव, आणि प्रपंची म्हणजे लबाड. अमरकोशातला विपर्यास आणि नाट्यशास्त्रातली खोटी स्तुती यांचे या अर्थाशी नाते जुळते. सीमेवरच्या गावात लग्नसंबंधाने दोन भाषा एका घरात असतात. अशा घरात बसून ‘प्रपंच’ म्हटल्यावर काय समजले, एवढे विचारले तरी अर्थांचा नकाशा तयार होतो.

कोश केव्हा आणि टिपण कसे

एवढे झाल्यावर कोश उघडावेत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८), मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७), कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६), आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश (१९९९) हे पाहावेत. कोश शेवटी पाहण्याचे कारण असे की कोशकार अर्थांना क्रमांक देतो, आणि तो क्रमांक काळाचा आहे असे वाचकाला वाटते. पुष्कळदा तो तसा नसतो. आपल्या वहीतली वाक्ये हाती असली की कोशाचा प्रत्येक अर्थ कोणत्या शतकातला आणि कोणत्या दर्शनाचा, हे आपल्यालाच लावता येते.

टिपण लिहिताना दोन-तीन पाने पुरतात. प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य, त्याचे स्थळ आणि त्यातले क्रियापद द्यावे. जिथे दोन दर्शने एकाच शब्दावर भांडतात, तिथे दोघांची बाजू त्यांच्याच शब्दांत ठेवावी. आणि जो अर्थ केवळ अंदाजाने लावला आहे, तो तसा स्पष्ट लिहावा.

या पद्धतीसाठी पुढचा शब्द म्हणून ‘उपाधी’ घ्यावा. न्यायात तो अनुमानातला दोष दाखवतो, वेदान्तात आत्म्याला मर्यादित भासवणारी जोड दाखवतो, हिंदीत विद्यापीठाची पदवी होतो, आणि ‘ही कसली उपाधी मागे लागली’ असे आपल्याकडची आजी म्हणते तेव्हा तो कटकट होतो. बौद्ध ग्रंथांतला ‘उपधि’ मात्र पुनर्जन्माला आधार होणाऱ्या आसक्तीविषयी बोलतो. त्यात ‘धि’च्या आधी दीर्घ ‘पा’ नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचे पान वेगळे काढावे.